चोवीस विटा

गिरिधरराव साने दक्षिणेतल्या आवडी या गावी एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले, तरी खिशातली फूटपट्टी काही सुटली नाही. मापून घेतल्याशिवाय हा गृहस्थ घरात कोथिंबीरसुद्धा येऊ द्यायचा नाही!

२००४च्या उन्हाळ्यात ते राहत त्या शेजारच्या अंबत्तूरला आठवड्यातून दोनदा पाण्याची लॉरी यायची, घरटी सहा घागरी. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या पत्नीला, विद्युलताबाईंना, खिडकीतून दिसायचा तो फक्त मोगऱ्याचा वाफा, आणि तोही डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

"अहो, एवढा तरी वाचवा हो," त्या रोज म्हणायच्या.

कुणीतरी सांगितलं, मातीवर तीन इंच नारळाच्या सोडणांचा भुसा पसरा, ओल टिकते. गिरिधररावांनी वाफा मोजला. दहा फूट बाय चार, म्हणजे दहा घनफूट भुसा. रोपवाटिकेत भुशाच्या दाबलेल्या विटा होत्या. झालं, हे पट्टी लावून मोकळे! फूटभर लांब, फूटभर रुंद, पाच इंच जाड.

"चोवीस पाठव."

"सार, इतक्या कशाला..." रोपवाटिकेतला सुब्बा सांगू पाहत होता, पण यांनी हातानेच त्याला गप्प केलं. मापात आपण चुकत नाही, हा जुना ताठा.

संध्याकाळी सुब्बाने अंगणात विटा रचल्या आणि विचारलं, "सार, तण्णी?"

"पाणी कशाला?"

"भिजवल्याशिवाय भुसा सुटत नाही, सार. विटेला दोन घागरी. सहापट फुगते. तुम्हाला चारच पुरे होत्या."

चार विटा, आठ घागरी! पिण्यारांधण्याचं सोडून घरात होत्या दोन, त्याही बाईंचं अंग पुसायला नि चादरी धुवायला राखलेल्या. लॉरीला अजून तीन दिवस होते. गिरिधरराव मटकन पायरीवर बसले. त्यांना रडूच आलं.

"माझं अंग पुसायचं राहू द्या," खिडकीतून बाई म्हणाल्या.

"भलतंच काय! पाठीला जखमा होतील."

"होऊ देत. मला दिवसभर बघायला दुसरं आहे काय?"

लाज वाटत होती, तरी त्यांनी ऐकलं. घमेल्यात एक वीट भिजवली. ती फुगली, पसरली, आणि खिडकीजवळची तीन रोपं झाकून संपली.

"बाकीच्यांचं काय हो?"

गिरिधररावांनी पट्टी काढून उघडा वाफा पुन्हा मोजला. साडेसात फूट बाय चार. माप अगदी बरोबर होतं, आणि खिडकीकडे बघायची त्यांची हिंमत होईना.