फोटोच्या पाठीमागची ओळ

लुत्सिनाच्या हातांना कधी स्वस्थता माहीतच नव्हती. लेग्नित्सा शहरातल्या वॉलपेपर कारखान्यात ती बावीस वर्षं रंग कालवायला होती. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी बाकीच्या बायका फाटकाशी रडत उभ्या होत्या आणि ही मागच्या दाराने वॉलपेपरच्या उरलेल्या गुंडाळ्या हातगाडीवर लादत होती. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढा कागद उकिरड्यावर जाणार, हे तिला बघवेना, इतकंच. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आठ-नऊ वर्षं बटाटे सोलले. गुंडाळ्या तळघरात पडून राहिल्या.

मुलगी मिलेना नॉर्वेला गेली. एका नाताळला तिने तिकडून चिकटवहीचं सामान पाठवलं. जाड कागद, शिक्के, नक्षीच्या कात्र्या. आईने एका जागी बसावं, एवढाच तिचा हेतू होता. झालं उलटंच. आठवड्यात ते सामान संपलं आणि लुत्सिना तळघरात उतरली. तेव्हापासून घरातली एकही वस्तू तिच्या तावडीतून सुटली नाही. चहाच्या चोथ्यात कागद बुडवून ती तो जुनाट करी. मेणबत्तीने आधी रेघा ओढून वरून रंग फिरवी, म्हणजे मेणाखालचा कागद कोरा राही. वॉलपेपर चिकटवायच्या खळीत नदीची वाळू कालवून ती पानावर खरखरीत रस्ते काढी. अंडी कापायच्या तारांनी तिने कागदावर चुण्या पाडल्या आणि नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची लोकर खळीत बुडवून पानावर ढग उमटवले. एक प्रयोग वाळतो न वाळतो तोच दुसरा मांडलेला असे. अर्धवट पानांनी खिडक्यांचे कट्टे भरून गेले होते.

नवरा रिशार्द शांत माणूस. तीस वर्षं शहराची बस चालवलेला. तो शब्दकोडं सोडवत बसे आणि जेवायची वेळ झाली की टेबलावरचे कागद कोपराने बाजूला सारून ताटापुरती जागा करी.

"चार सुऱ्या होत्या घरात. आता सूप पिऊनच जगायचं का?" एवढंच तो कधी तरी म्हणे. सुऱ्या खळीने माखून मोरीत पडलेल्या असत.

खालच्या मजल्यावर अपोलोनियाबाई राहत. सत्त्याऐंशीच्या, एकट्या, ताठ कण्याच्या. डोळ्यांनी जवळजवळ दगा दिलेला. उजेड आणि माणसाचा आकार, एवढंच दिसे. वसंत लागताच त्यांनी ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात जायचं नक्की केलं. तिथे पलंगाशेजारी एक छोटं कपाट मिळणार होतं, बाकी सगळं सोडून जायचं. त्यांनी लुत्सिनाला बोलावलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत सत्तावीस फोटो होते.

"यांची एक वही कर," त्या म्हणाल्या. "पण मला दिसत नाही, हे लक्षात ठेवून कर. बोटांना कळलं पाहिजे."

लुत्सिनाला रात्रभर झोप आली नाही, ती आनंदाने. बोटांना कळेल अशी वही! उरल्यासुरल्या सामानाचं आपण इतकी वर्षं जे करत होतो ते यासाठीच, असं तिला वाटलं. पूर्वेकडचं गाव सोडून अपोलोनियाबाईंचं कुटुंब युद्ध संपल्यावर शेहेचाळीस साली मालगाडीने इकडे आलं होतं; त्या पानावर तिने पन्हाळी पुठ्ठ्याचा डबा केला, बोट फिरवलं की फळ्या लागाव्यात असा. पहिल्या घराच्या पानाला तिने कारखान्यातला उठावाच्या फुलांचा वॉलपेपर लावला. बटाट्यांच्या शेताला गोणपाट आलं आणि लग्नाच्या पानाला पडद्याची जाळी.

पत्र्याच्या डब्यातला सगळ्यात जुना फोटो अपोलोनियाबाईंच्या धाकट्या भावाचा. ब्रोनेक, वय असेल सहा, मोठ्या माणसाचे बूट घातलेला, शेजारी एक हंस. इकडे आल्यावर दीड महिन्यात तो घटसर्पाने गेला. त्याचा हा एकच फोटो. "याला जपून," असं अपोलोनियाबाईंनी बजावलं होतं, आणि लुत्सिनानेही जपलं. मूळ फोटोला हात लावायचा नाही असं ठरवून तिने छपाईच्या दुकानातून त्याच मापाच्या तीन प्रती काढून आणल्या. त्यासाठी कागदही स्वतःच चहात रंगवून दिला होता, दोन्ही बाजू तपकिरी, डागाळलेल्या. प्रती इतक्या हुबेहूब निघाल्या की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते कौतुकच तिला भोवलं.

तिच्या मनात एक नवी युक्ती घोळत होती. छापलेल्या चित्रावर पारदर्शक जेल लावायचं, चित्र पालथं करून वॉलपेपरवर चिकटवायचं, वाळलं की पाठ ओली करून कागद बोटाने चोळून चोळून काढून टाकायचा. कागद जातो, चित्र जेलमध्ये राहतं. तिला ब्रोनेक उठावाच्या फुलांवर उतरवायचा होता. सोमवारी सकाळी चुलीवर बिटाचं सूप, कानाशी मिलेनाचा फोन, चष्मा कपाळावर, आणि टेबलावर चार तपकिरी फोटो. तिने एक उचलला, जेल लावलं, पालथा दाबला, केस वाळवायच्या यंत्राने वाळवला. ओला स्पंज पाठीवर फिरवला आणि चोळायला लागली. मिलेना तिकडच्या थंडीबद्दल काहीतरी सांगत होती.

बोटं जांभळी झालेली तिला दिसली, तेव्हा आधी तिला वाटलं, बिटाचा रंग असेल. मग तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. कागदाच्या लगद्यात जांभळे फराटे पसरत होते. पूर्वीच्या त्या पेन्सिली, कोरड्या असताना राखाडी दिसणाऱ्या आणि पाणी लागलं की जांभळ्या होणाऱ्या. कुणीतरी पाठीवर लिहिलं होतं. तीन ओळी होत्या की चार, तेही आता कळत नव्हतं. शेवटी एक शब्द क्षणभर ठळक उमटला, "ब्रो" एवढं तिने वाचलं, आणि तोही फुगून विरघळला.

ती फोन न ठेवताच उठली. मिलेना "आई, आई" करत राहिली.

वॉलपेपरवरून सोडवून पुढून बघावं तर जुन्या फोटोचा पापुद्रा पाण्याने बुळबुळीत होऊन सरकला होता. बूट उरले होते आणि हंसाची मान. तोंडाच्या जागी राखाडी चिखल.

त्यानंतरचे नऊ दिवस लुत्सिनाने कसे काढले ते रिशार्दलाच ठाऊक. ती घरभर फेऱ्या मारी. बाजारात जाऊन रिकाम्या पिशवीने परते. जिन्यात अपोलोनियाबाईंच्या काठीचा आवाज आला की दाराआड थांबून राही. तो उरलेला तुकडा तिने वाळवला, पुन्हा ओला केला, चिमट्याने पापुद्रे जागेवर सरकवायला गेली आणि एक बूटही घालवून बसली.

मग तिच्या हातांनी तिला न विचारता दुसरंच काम काढलं. उरलेल्या प्रतींपैकी एक तिने जाड कागदावर डकवली, कडा नागमोडी कापल्या, कोपरे दुमडून मोडले, भेगांत कॉफीची पूड चोळली, वर अंड्याचा पांढरा बलक लावून चमक आणली. पहिला फसला, दुसरा फसला. तिसरा असा जमला की तिची तीच दचकली. सगळं आयुष्य जणू या एका लबाडीची तयारी करण्यात गेलं होतं.

रिशार्दने तो हातात घेऊन पाहिला. त्याने काही विचारलं नव्हतं, पण मोरीतला जांभळा डाग तो रोज बघत होता.

"त्यांना दिसत नाही, म्हणून?" तो म्हणाला.

"त्यांना दुःख होऊ नये म्हणून."

"बरं," तो म्हणाला आणि फोटो टेबलावर ठेवला. "मग तू का रात्री उठून बसतेस?"

ती भांडली त्याच्याशी. तुला काय कळतं, तू आयुष्यभर एकाच रस्त्यावरून गाडी हाकलीस, असंही म्हणाली. तो कोडं सोडवत राहिला.

वही पुरी झाली. ब्रोनेकच्या पानाला तिने कापडाचा खिसा शिवला, म्हणजे फोटो काढून हातात घेता यावा. शनिवारी दुपारी ती खाली गेली. खोलीत खोकी बांधून ठेवली होती. अपोलोनियाबाईंनी सफरचंदाचा केक कापला, काचेच्या पेल्यात चहा दिला आणि वही मांडीवर घेतली.

त्यांची बोटं पानांवरून हळूहळू चालली. पन्हाळी पुठ्ठ्यावर थांबून त्या म्हणाल्या, "डबा." गोणपाटावर हात फिरवून हसल्या आणि सांगितलं की त्या शेतात त्यांची आई पहिल्या वर्षी दुसऱ्या कुणाचे तरी बटाटे चोरून उपटत असे. लुत्सिना बशीतला केक चमच्याने कुस्करत होती. खिशाचं पान आलं. त्यांनी फोटो बाहेर काढला, कडांवरून अंगठा फिरवला, चेहऱ्याजवळ नेला आणि मग उलटा करून लुत्सिनापुढे धरला.

"मागचं वाच," त्या म्हणाल्या. "आईने लिहिलंय. चार-पाच वर्षांत मला वाचता आलेलं नाही, आणि मधला एक शब्द माझा हरवलाय. तो तेवढा सांग."

मागे काहीच नव्हतं. लुत्सिनाच्या मनात आलं, काहीतरी सांगून टाकावं. माझा लाडका, माझा सोन्या, कुठलीही आई लिहील असं काही. तोंड उघडलंही तिने. पण तो मधला शब्द कुठला, ते तिला कुठून माहीत असणार?

"हा तो फोटो नाही," ती म्हणाली. "तो माझ्या हातून गेला. मी पाण्याने चोळला. चुकून. मागचं सगळं गेलं, पुढचंही गेलं. हा मी बनवलाय."

अपोलोनियाबाईंनी फोटो अजून तसाच पुढे धरलेला होता.

"केव्हा?"

"बारा दिवस झाले."

"आणि मला दिसत नाही म्हणून हा आणलास."

"हो."

"जे उरलंय ते घेऊन ये."

लुत्सिना वर गेली आणि तो वाळका तुकडा घेऊन आली. त्यांनी तो तळहातावर ठेवला, वरून दुसऱ्या हाताने झाकला. मग म्हणाल्या, "आता जा."

त्यांच्या जाण्याच्या दिवशी रिशार्दने खोकी खाली नेली. लुत्सिना जिन्यात उभी राहिली. अपोलोनियाबाई शेजारून गेल्या, थांबल्या नाहीत. पण वही त्यांच्या काखेत होती, हे तिने पाहिलं. त्या महिन्यात तिने एकही पान केलं नाही. हातांना काम हवंच, म्हणून ती मोरी घासे, रिशार्दच्या शर्टांची गुंडी न गुंडी उसवून पुन्हा शिवे. खिडकीतले कागद उन्हाने पिवळे पडले.

जूनमध्ये फोन आला. ओळख नाही, विचारपूस नाही. "गुरुवारी ये," अपोलोनियाबाई म्हणाल्या. "लिहायला काहीतरी आण."

आश्रम गावाबाहेर, बसने पंचवीस मिनिटं. लुत्सिनाने वॉलपेपरच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या कापून नेल्या होत्या. अपोलोनियाबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"लिही. 'ब्रोनेक, सहा वर्षांचा. बूट बापाचे. हंस शेजाऱ्यांचा.'"

लुत्सिनाने लिहिलं. मधला शब्द आठवला का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावणं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, नाही, ते तसं नव्हतं. आईने लिहिलं होतं, "देवा, याला माझ्याआधी नेऊ नकोस." तिसऱ्या खेपेला त्यांना भलतंच आठवलं: तो फोटोवाल्यासाठी निरोप होता, सहा प्रती काढा, हंस कापून टाका, हंस आमचा नाही. हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

"यातलं खरं कुठलं?" लुत्सिनाने शेवटी विचारलं.

"ते तू पुसलंस," अपोलोनियाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता मला विचारू नकोस. लिही."

माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि लुत्सिनानेही मागितलं नाही. दर गुरुवारी ती साडेनऊची बस धरते. बसमध्ये तिची बोटं मांडीवर काहीतरी चिमटत, दुमडत असतात. कधी ब्रोनेकबद्दल एक ओळ मिळते, कधी तासभर आईबद्दल, कधी नुसतं हवापाणी आणि तिथल्या जोगिणींच्या अळणी सुपाची निंदा. चिठ्ठ्या त्या कापडी खिशात जातात. ऑगस्टात खिशाची शिवण उसवली. लुत्सिना म्हणाली, नवा शिवून आणते, याहून जरा मोठा.

अपोलोनियाबाईंनी चिठ्ठ्यांची चळत चाचपली, बोटांनी जाडी मापली.

"जाड कापडाचा आण," त्या म्हणाल्या, "आणि हात धुऊन शीव."