तेल काढा, आशीर्वाद राहू द्या

कुमासी शहराच्या सुआमे भागात गाड्या धुणारे ढिगानं, पण कृत्रिम स्वेडच्या, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या कापडाच्या, सीटला हात कसा लावायचा हे कळणारा एकच, मास्तर एबो अन्सा. बाकीचे सरळ पाण्याचा पाइप आत सोडतात आणि वरून चकाकीचा फवारा मारतात. गिऱ्हाईकही खूश, कारण आमच्याकडे जे चमकत नाही ते धुतलेलंच नाही! "अहो, स्वेड चमकायला लागलं म्हणजे मेलं ते," एबो कानीकपाळी ओरडायचा. ओलसर फडकं घ्या, मऊ ब्रश एकाच दिशेनं फिरवा, सावलीत वाळवा, मग लव उभी करा. पण ऐकतो कोण?

एका गुरुवारी केजेतिया बाजारातल्या कापडवाल्या मॅडम पोकुआ नवी गाडी घेऊन आल्या. आत काळंभोर स्वेड. त्यांच्या चर्चच्या प्रॉफेटनं गाडीला ऑलिव्ह तेलानं आशीर्वाद दिला होता. मॅडमनी दक्षिणा सढळ हातानं दिली, मग त्यानं तरी हात का आखडावा? अख्खी बाटली सीटवर ओतली मेल्यानं! लव भिजलेल्या शेळीसारखी चपटी झाली होती.

"मास्तर, रविवारी माझ्या आईच्या मयतानंतरची चर्चमधली आभारप्रार्थना आहे. आमच्या गावची मानकरी, राणीआई, पांढऱ्या कपड्यात या गाडीत बसणार. तेल काढा."

"काढतो की."

"पण आशीर्वाद राहू द्या."

एबोनं डोकं खाजवलं. "मॅडम, दोन्ही एकाच बाटलीतून आलंय ना?"

"ते मला नका सांगू! आशीर्वाद गेला, तर बाजारात तुमचं नाव कोण घेतं तेच बघते."

आणि बाई बोलल्या की बाजार बोलतो. अठरा वर्षांत मिळवलेलं नाव एका दुपारी मातीत गेलं असतं. एबोनं कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, कोरडं पीठ सीटवर पसरलं, तेल शोषल्यावर झटकलं, पुन्हा पसरलं. असं चार वेळा. मग साबणाच्या नुसत्या फेसानं, बोटाबोटानं पुसलं. शनिवारी सीटवरून तळवा फिरवला, तर लव एका दिशेनं गडद, उलट दिशेनं फिकी, म्हणजे पुन्हा जिवंत. असं सुंदर काम त्याच्याही हातून कधी झालं नव्हतं.

मॅडमनी दारातूनच डोकावून पाहिलं. "तेल गेलेलं दिसतंय. आशीर्वादाचं काय?"

गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेला माणूस! घसा खाकरून म्हणाला, "आशीर्वाद जड असतो, मॅडम. खाली फोममध्ये उतरला. वर राहिलं होतं ते नुसतं तेल."

"मला वाटलंच होतं!" बाई हरखल्या.

राणीआईचं कापड पांढरंच्या पांढरं राहिलं. प्रॉफेटनं भर प्रार्थनेत जाहीर केलं, की एबोच्या हाताला वरचं वरदान आहे. सोमवारी सुआमेत गाड्यांची रांग लागली. काही तेलात न्हालेल्या, तर काहींना तेलाचा थेंब नाही. त्यांना फक्त आशीर्वाद खाली बसवून हवा होता. पिठाकडे, ब्रशकडे कुणी बघेना, सगळे बघत होते ते त्याच्या ओठांकडे. तो बिचारा पुटपुटत ब्रशचे फेरे मोजत होता, आणि लोक प्रत्येक आकड्याला 'आमेन' म्हणत होते.

संध्याकाळी एक सीट मनासारखी जमली. एबोला राहवेना. गाडीच्या मालकाला त्यानं अक्षरशः विनवलं, "साहेब, एकदा हात फिरवून तर बघा ना."

मालकानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नको रे बाबा. आशीर्वाद हलायचा!"