पोऱ्याचं पन नाव लिवा

काळूराम भोईरला नवघरात नुसतं काळूराम कोणी म्हणत नाही. जुनी माणसं काळू म्हणतात, पोरंटोरं काका म्हणतात, आणि निवडणूक जवळ आली की इथले पुढारी निहारदादा माईकवरून 'आमचे काळूशेठ' म्हणतात. शेठपणा काय, तर बापाच्या भाताच्या तुकड्यावर उभी राहिलेली खोल्यांची एक चाळ. बाप जन्मभर मिठागरात राबला. मिठागर बंद झालं, शेत बुजलं, जेसल पार्काच्या अंगाला टॉवर उठले, आणि काळूराम सकाळपासून दादांच्या कार्यालयात खुर्च्या मांडायला मोकळा झाला.

खुर्च्या मांडणं हे काम वाटतं तितकं हलकं नाही. कोणाला पुढच्या रांगेत बसवायचं, कोणाची खुर्ची कोणाशेजारी ठेवायची नाही, कोणत्या मंडळाचा अध्यक्ष कोणत्या मंडळाच्या अध्यक्षाचं तोंड बघत नाही, हे सगळं काळूरामला पाठ होतं. दादांनी पक्ष बदलले तसं त्याच्या खांद्यावरचं उपरणं बदललं. खांदा तोच राहिला.

चाळीत विठू राहायचा. मंडणगडकडचा, एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. तो चिडवायचा, "काका, जुनी उपरणी टाकू नका हां. मस्त गोधडी होईल. सगळ्या रंगांची."

"झाली का तुनाच देईन," काळूराम म्हणायचा. "गेटवर कुडकुडत बसतंस."

गोधडीवर हसून झालं की दोघं पाण्यावर येत. आमच्याकडे कुठलीही गोष्ट शेवटी पाण्यावरच येते. टॉवरला टँकर येतो, गावठाणाला आश्वासन येतं. नळ कधी पहाटे येणार, कधी येणारच नाही, त्यावर बायकांच्या नोकऱ्या, पोरांच्या शाळा न् सासू-सुनांची भांडणं ठरतात. तीनेक वर्षांमागं असाच उन्हाळा तापला, तेव्हा दादांनी हंडा मोर्चा काढला. काळूरामची बायको सावित्री पोचे आलेला हंडा घेऊन पुढं होती. पाणीखात्याच्या कार्यालयापुढं ढकलाढकली झाली आणि दाराची मोठी काच फुटली. कोणाच्या हंड्याने, देव जाणे.

दुपारी पोलीस ठाण्यावरून निरोप आला. नावं द्या, नाहीतर आम्ही उचलायला लागतो.

दादांच्या कार्यालयात पंखा गरगरत होता आणि माणसं मान खाली घालून बसली होती. मोर्चात सगळ्यात पुढं नाचत होता तो दादांचा पुतण्या निकेत. त्याचं नाव कोणी काढलं नाही. त्याचा परदेशाचा व्हिसा लागायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक.

"आंदोलनाची केस आहे, खुनाची नाही," निहारदादा म्हणाले. "उद्या सरकार मागे पण घेतं. अंगावर घेणाऱ्याची छाती पाहिजे फक्त."

काळूराम उठला. "माझं लिवा."

टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट. माणूस बसायचा तो बसत नाही.

"न् माझ्या पोऱ्याचं पन नाव लिवा. सुयोग काळूराम भोईर."

तेव्हा सुयोग मीरा रोडला, शांती नगरातल्या क्लासमध्ये बसला होता. त्याला मोर्चा निघाला हेसुद्धा धड माहीत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पोटच्या पोराचं नाव कोणी आपणहून पोलिसात देतं का? पण पक्षात आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारा. ज्याच्या अंगावर केस नाही तो कार्यकर्ता नव्हे, पाहुणा. तिकीटवाटपाच्या वेळी भाषणात पहिलं वाक्य हेच असतं, 'यांनी पक्षासाठी अंगावर केसेस घेतल्या.' काळूरामला बापाकडून जमिनीचा तुकडा मिळाला. पोराला द्यायला त्याच्याकडे तुकडा उरला नव्हता, म्हणून त्याने तिकिटाच्या रांगेतली जागा दिली. बाप देऊन देऊन काय देणार, आपल्याजवळ असेल तेच.

घरी सावित्रीने ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"त्याला इचारलंव?"

"अगो, सत्कार हाय रविवारी. दोगांचा."

"मी काय इचारतेय? त्याला इचारलंव का?"

"त्याला काय इचाराचा? बापूस हाय मी त्याचा."

सुयोग एकोणीस वर्षांचा. तो हसला. "पप्पा, मी तर क्लासला होतो."

"म्हनून काय झालं? तुजा मान तितं होता."

रविवारी शाल मिळाली, नारळ मिळाला. मित्र त्याला भाई म्हणायला लागले, आणि त्या वयात भाई म्हटलेलं कोणाला कडू लागतं? पुढं ठाण्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. पक्षाचा वकील सगळ्यांना एकच. तो लांबून हात दाखवायचा, पुढची तारीख पडायची, आणि बापलेक बाहेर मिसळ खाऊन परत यायचे. हळूहळू सुयोगने मिसळ सोडली. मग बाकावर शेजारी बसणं सोडलं. मधे माणूसभर जागा ठेवून बसायचा.

यंदाच्या हिवाळ्यात, महापालिकेच्या निवडणुकीचे बॅनर लागायला लागले त्याच सुमारास, सुयोगला नोकरी लागली. विमानतळावर, सामानाची चढउतार बघणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. मुलाखत, मेडिकल, सगळं स्वतःच्या जिवावर. दादांची चिठ्ठी नाही, फोन नाही. सावित्री चाळीत दारोदार सांगत फिरली, "इमानाजवल जानार हाय माझा सोना."

आत जायच्या पासासाठी पोलिसांचा दाखला लागतो. दाखल्यावर शेरा आला, गुन्हा दाखल, खटला चालू. कंपनीतली बाई भली. म्हणाली, कोर्टातून नाव निघाल्याचा कागद आण, किंवा निदान अर्ज मंजुरीला लागलाय असं काहीतरी दाखव. जागा थोडे दिवस धरून ठेवते.

शांती नगरात संचितामॅडम नावाची तरुण वकील होती. तिने बापलेकाचं सगळं ऐकून घेतलं. क्लासमध्ये तेव्हा अंगठ्याची हजेरी होती, त्या दिवसाची नोंद मिळत होती. मॅडमचा चेहरा उजळला. मग तिने काळूरामकडे पाहिलं.

"नुसत्या हजेरीवर कोर्ट विचारणार, मग नाव आलं कुठून? काका, ते तुम्हाला सांगावं लागेल. कार्यालयात बसून नावं कशी ठरली, कोणी मागितली, कोणाची वगळली. सगळं, सहीनिशी."

"दादांचं पन नाव घ्यावा लागंल?"

"त्यांचंच तर घ्यावं लागेल. आणि खोटं नाव दिलंत म्हणून तुमच्यावरही येऊ शकतं, हे आधीच सांगते."

जिना उतरताना सुयोगने विचारलं, "सांगाल ना?"

"बघू," काळूराम म्हणाला.

सुयोग पायरीवर थांबला. 'बघू' हे दादांच्या कार्यालयातलं उत्तर होतं. पाण्याला बघू, गटाराला बघू, विधवेच्या पेन्शनला बघू. ते उत्तर बापाच्या तोंडून ऐकून तो उरलेला जिना उतरला. एकटाच स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

काळूरामला स्वतःवर यायच्या केसची भीती नव्हती. एक असली काय, दोन असल्या काय. दादांच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे गावात कोणत्या ओट्यावर बसायचं, हा प्रश्न होता. इतकी वर्षं ज्यांना खुर्च्या दिल्या त्यातला एक तरी त्याला आपल्या शेजारी बसू देईल का? आणि आत कुठंतरी वेडी आशा, की न बोलताच काम होईल. आपला माणूस आहे. आपल्यासाठी एक फोन करेल.

म्हणून तो कोर्टाऐवजी दादांकडे गेला.

"काका," निहारदादा मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, "पोरगा तिकडे लोकांच्या बॅगा मोजणार? अहो, लीडर आहे तो! संघर्षातनं आलेला तरुण चेहरा. मी त्याला बॅनरवर घेतोय."

"दादा, त्याला बॅनर नको. त्याला नोकरी पायजे. तुमी वकिलाला सांगा ना, तेवडा नाव..."

"निवडणूक होऊ दे. मग मी जातीने बसतो."

"तवर जागा ऱ्हात नाय."

"नोकऱ्या काय हो, मी देतो ना दहा." मग दादांनी दाराबाहेर पाहिलं. "बाहेर माणसं उभी आहेत, काका. खुर्च्या कमी पडतायत बघा."

आणि काळूरामने बाहेर जाऊन खुर्च्या मांडल्या. हात आपोआप चालले. शेवटची खुर्ची टेकवताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय, पण तोवर तिच्यावर कोणीतरी बसलंसुद्धा होतं.

पुढचे दिवस तो नळावर नुसता उभा राहायचा. पाणी भरून सांडायचं. त्याचा बाप त्याला मारायचा, मिठाच्या फावड्याच्या दांड्याने. मुलगा झाला तेव्हा काळूरामने ठरवलं होतं, आपण पोरावर हात टाकायचा नाही. नाही टाकला. मारत नाही म्हणजे चांगला बाप, एवढंच त्याला बापपणाचं गणित येत होतं. बापाने मारलं पण विचारलं नाही, आपण मारलं नाही पण विचारलंही नाही. मग फरक काय पडला? फावड्याचे वळ निदान पावसाळ्याच्या आत गेले होते.

सावित्री त्याच्याशी मोजकं बोलायची. एकदा हंडा उचलता उचलता म्हणाली, "दादा पोऱ्याचा बापूस हाय का तुमी हाव? एकदा ठरवा, म्हंजे मना पन कलंल."

मग एका सकाळी उमेदवारांची नावं बाहेर आली. नवघरातून निकेत. परदेशातून परत आलेला, उच्चशिक्षित, स्वच्छ प्रतिमेचा. 'एकही गुन्हा नाही', असं पत्रकावर ठळक छापलेलं.

काळूराम ते पत्रक हातात धरून विठूच्या दारात बसला. विठू ड्युटीवरून येऊन बूट काढत होता. त्याने पत्रक वाचलं.

"गुन्हा नाही म्हणजे काय, त्याचा तुम्ही घेतलात ना," तो म्हणाला. मग जीभ चावली. "सॉरी हां काका. तोंडातनं गेलं."

"नाय रे. बरोबर बोल्लास."

इतकी वर्षं ज्या रांगेत तो उभा होता, ती रांग कुठंच जात नव्हती. केस घेणारे केस घेण्यासाठी होते आणि तिकीट घेणारे तिकीट घेण्यासाठी. हे एवढं साधं कळायला पोराचं नाव द्यावं लागलं.

तो तडक घरी आला. सुयोग आरशापुढं केस विंचरत होता.

"चल. मॅडमकडं जाव. सगला सांगतंय. दादांचा पन. कोन काय बोलला, कोनाला वगललं, सगला."

सुयोगने कंगवा ठेवला. "कंपनीने दुसरा घेतला, पप्पा. परवाच."

"मग दुसरीकडं लागंल. नाव निघाला म्हंजे..."

"मी दादांकडे जाऊन आलो." आवाजात राग नव्हता. राग असता तर काळूरामला बरं वाटलं असतं. "निकेतच्या प्रचाराची पोरं माझ्याकडे दिलीत. निवडून आला की प्रभागाचं ऑफिस मी बघणार. तर आता कोर्टात वगैरे काही बोलू नका. माझं नुकसान होईल."

"सुयोग, अरे मी चुकलू. मना बोलू दे एकदा."

"तेव्हा बोलायचं होतं ना, जिन्यावर." त्याने खिशातून नवंकोरं उपरणं काढून गळ्यात टाकलं. "आणि तुम्हीच तर लाईन लावून दिलीत. मी फक्त उभा राहिलो."

सावित्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कोणाचीच बाजू घेतली नाही.

प्रचाराची फेरी गावठाणात आली ती भर दुपारी. ढोल, फटाके, आणि पुढं सुयोग. कोणत्या दारात किती थांबायचं, कोणत्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचं, तो निकेतच्या कानात सांगत होता. चाळीपाशी आल्यावर तो अडखळला नाही. इतर दारांत गेला तसाच आपल्या दारात आला, आणि ओट्यावर बसलेल्या काळूरामला हात जोडून म्हणाला, "लक्ष असू द्या, काका."

मागची पोरं खिदळली. "अरे, बापाला काका बोलतो बघ!"

"फेरीत सगळे काका," सुयोग म्हणाला. तोसुद्धा हसला.

निकेत वाकला. काळूरामचे हात मांडीवरच होते. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "भाई, आशीर्वाद नाय आला फोटोत."

सुयोगने घड्याळ पाहिलं. अजून बरीच दारं बाकी होती.

"निकेतदादा, परत एकदा वाका," तो म्हणाला. मग बापाकडे वळला. "काका, हात डोक्यावर ठेवा. जरा हसा."

काळूरामने हात ठेवला.