कौसल्याबाई आणि दुपारच्या आसरा

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. जालना जिल्ह्यात, धावड्याच्या अंगाने डोंगर जिथे उतरत उतरत शेतांत विरून जातो, तिथे आमचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलंही असतं, पण आमच्या गावातल्या पुरुषांना वाचता येतं.

आमच्या गावाला भूत आहे, त्याची जागा मात्र सांगते. गावापासून थोडी शेतं ओलांडली की एका मोठ्या कडुलिंबाखाली जुनी दगडी बारव आहे. लांबून पाहिलं तर काहीच दिसत नाही, जमीन सपाट. जवळ गेलं की एकदम पायाखाली पायऱ्या उघडतात. खाली कमान, कोनाड्यांत पारवे, आणि तळाशी हिरवं, गार पाणी. वर ऊन रणरणत असलं तरी खाली अंगावर काटा येतो, इतका गारवा. एका कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. बायांनी हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, तर त्या लेकरं राखतात. पण उन्हं डोक्यावर आली की त्या पाण्यात खेळायला उतरतात, आणि त्या वेळी जो पुरुष तिथे डोकावेल त्याला आत ओढून घेतात.

रात्री फिरणारी भुतं कुठल्याही गावात मिळतील. लख्ख उन्हात हसणारी भुतं फक्त आमच्याकडे आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कारण त्या खरोखर हसतात. पाण्यात धपाधप उड्या मारतात, गाणी म्हणतात, वरच्या पायरीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटतात आणि बघता बघता उन्हात वाळून जातात. आमच्या कडूबानानांनी हे सगळं तरुणपणी स्वतः ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे. शेळ्या तिथेच टाकून ते गावापर्यंत पळत आले होते आणि तापाने फणफणले होते. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी पारावर बसून ती गोष्ट सांगण्यात घालवलं. दर वर्षी गोष्टीतल्या बायकांचे केस हातभर वाढतात.

नाना पळाले त्या दिवशी पाण्यात एकच बाई होती. ती म्हणजे कौसल्याबाई.

कौसल्याबाईंचं माहेर पूर्णेच्या काठी. वडिलांच्या म्हशींबरोबर ती पोर नदीत वाढली. म्हशीच्या पाठीवरून पाण्यात सूर मारायची, पलीकडच्या काठावरून टरबूज घेऊन यायची. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा इथे नदी नाही, ओढा आटलेला, आणि अंघोळीला मोजून पाणी. सासरचं जेवण, सासूचं बोलणं, सगळं तिने सोसलं. पाण्यावाचून राहणं मात्र तिला जमेना. "भुकेल्याला भाकरीची स्वप्नं पडावीत तशी मला डोहाची स्वप्नं पडायची," असं त्या अजून सांगतात.

बारवेवर दुपारी जाऊ नकोस, असं सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. कौसल्याबाई गेल्या. निंदायला आलेल्या बाया भाकरी खाऊन सावलीला आडव्या झाल्या होत्या. कौसल्याबाईंनी काष्टा घट्ट खोचला, सात दगडांना हात जोडले, "बायांनो, मी पण नदीकाठचीच हाय, थोडं सरकून घ्या," असं म्हणाल्या आणि उडी टाकली. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा इतक्या दिवसांनी त्यांना हसू फुटलं. त्या मोठ्याने हसल्या. कमानीतून तो आवाज चौपट होऊन वर गेला, आणि वर कडूबानाना शेळ्यांना पाणी पाजायला आले होते.

पुढे आसरांचा कोप उतरावा म्हणून दोघी-तिघी बाया दुपारीच हळदकुंकू घेऊन खाली उतरल्या, आणि तिथे त्यांना ओल्या कपड्यांनी पायरीवर बसलेली नवी सून सापडली. गावाला सांगावं की नाही, यावर त्या जरा वेळ कुजबुजल्या. मग त्यातली एक म्हणाली, "आधी मला शिकव, मंग बघू." ती बाई म्हणजे नंदाबाई, आताच्या सरपंचाची आई.

तेव्हापासून आमच्या गावातल्या बाया पोहतात. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून कौसल्याबाईंनी आम्हाला पाण्यात ढकललं. ओरडलं तर म्हणायच्या, "ओरड, अजून ओरड! जेवढं ओरडशील तेवढे ते लांब पळतील." मला शिकवलं, माझ्या लेकीला शिकवलं. बौद्ध वस्तीतली दीपमाला अंगणवाडी चालवते. तिच्या आईला पूर्वी गावच्या विहिरीवर कुणी पाय ठेवू देत नव्हतं. या बारवेवर मात्र अडवायला कुणी माणूसच यायचा नाही, म्हणून दोघी मायलेकी इथेच पोहायला शिकल्या. दीपमालाचा भुताखेतांवर बिलकुल विश्वास नाही. पण किंचाळी तिच्यासारखी कुणाला जमत नाही. "भूत मानत न्हाई मी," ती म्हणते, "भूत व्हायला माझी हरकत न्हाई."

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना जालन्याचा कुणी पोरगा मोटारसायकलवर आला. त्याने कडूबानानांना बोलतं केलं, कडुलिंब आणि पायरीवरची ओली पावलं मोबाइलमध्ये घेतली, त्याला कुत्र्याच्या रडण्याचं संगीत लावलं आणि व्हिडिओ सोडून दिला. मग बदनापूर काय, जुना जालना काय, आधी सुट्टीच्या दिवशी, पुढे रोजच पोरांच्या गाड्या यायला लागल्या. चिवड्याच्या पुड्या, आरडाओरडा. आमचं दुपारी जाणं बंद पडलं. नंदाबाईंचे गुडघे आधीच धरलेले, पाण्यात तेवढे मोकळे व्हायचे. त्या पुन्हा भिंतीला धरून चालायला लागल्या. नवरा गेल्यापासून त्या घरात तशाही कमी बोलायच्या. आता पारच गप्प झाल्या.

त्यांचा मुलगा सोमेश्वर सरपंच. शिकलेला, सरळ, कामाचा पोरगा. त्याने ग्रामसभेत विषय काढला.

"गावाचं हसं होऊन राह्यलं," तो म्हणाला. "पाहुणे विचारतात, तुमचं भूत कसं हाय? उद्या एखादं पोरगं पाण्यात पडलं तर? बारवेवर स्लॅब टाकू. विषय संपला."

पुरुषांनी माना डोलावल्या. आम्ही बाया मागे बसलो होतो. कौसल्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. मग त्या उठल्या.

"झाक बाबा. माझं काही म्हणणं न्हाई. फक्त एक सांग. त्या सात जणींनी मंग राहायला कुठं जायचं?"

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"माझ्या सासूनं सांगितल्तं," कौसल्याबाई पदर सावरत म्हणाल्या. "आसरांचं घर जो बुजवतो, त्याच्या घरी त्या राहायला येतात. पहिला दगड ज्याच्या हातचा, त्याच्या रांजणात बसतात. साती जणी. आन् रोज पुरणपोळी मागतात."

सासूने त्यांना असलं काहीही सांगितलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. गोष्ट तिथल्या तिथे जन्माला आली. पण अशी जन्मली की तिला दातही होते.

सोमेश्वर स्लॅबच्या कामासाठी बोलावलेल्या गवंड्याकडे वळला. गवंडी म्हणाला, "मी बाहेरगावचा माणूस. पहिला दगड गावच्या हातचा पाहिजे, आमच्यात तसंच असतं." गावच्या हातांनी आपापले खिसे चाचपले. कडूबानानांना पुढे करायला कुणी तरी गेलं, तर ते काठी आपटून म्हणाले, "घरात एक हाय, तिलाच वर्षातून एकदा पुरणपोळी मिळती. सात कुठून पोसू?"

सभेत हशा पिकला. सोमेश्वरचं तोंड लाल झालं. "मीच टाकतो पहिला दगड," तो म्हणाला. "आन् त्याच्या आधी भर दुपारी एकटा खाली उतरून येतो. तिथं काही नसलं, तर मंग तरी पटंल का?"

त्या संध्याकाळी आम्ही कौसल्याबाईंच्या अंगणात शेंगा फोडायच्या निमित्ताने बसलो. दीपमाला म्हणाली, "खरं सांगून टाकू. पोहणं काय गुन्हा हाय?"

"गुन्हा न्हाई गं," कौसल्याबाई म्हणाल्या. "पण सांगितलं की त्यांची परवानगी लागणार. आन् परवानगी दिली की ती कधीही काढून घेता येती. आसरांना कुणी परवानगी दिल्ती का?"

"मंग तो येईल त्या दिवशी आपण जायचं न्हाई?"

"न्हाई गेलो तर तो म्हणंल, बघा, रिकामी बारव. दुसऱ्या दिवशी स्लॅब."

नंदाबाई इतका वेळ शेंगा फोडत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ. मी पुढं राहते. माझंच पोरगं हाय, त्यानं मला बघू दे. पुढं काय करायचं ते करंल."

ठरलेल्या दिवशी सकाळीच सिमेंटची पोती कडुलिंबापासून लांब, रस्त्याच्या कडेला येऊन पडली. पुरुषांचा घोळकाही तिथेच थांबला. जवळ यायची कुणाची तयारी नव्हती. आम्ही शेताच्या बाजूने आधीच उतरलो होतो. पाणी इतक्या दिवसांनी भेटलं. नंदाबाईंनी पायरीवर काठी टेकवली, दोघींनी दंडाला धरून त्यांना उतरवलं, आणि पाण्याने त्यांना आमच्या हातांतून अलगद काढून घेतलं. गुडघे गेलेली बाई वाळल्या पानासारखी तरंगायला लागली. कमानीतून उन्हाची एक तिरीप येऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडली होती. कौसल्याबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, पण नंदाबाई खळखळून हसल्या. सगळे पारवे एकदम उडाले.

पायऱ्यांवर सोमेश्वर उभा होता.

भुताला न मानणारा माणूस. पण कडूबानानांच्या गोष्टी ऐकतच लहानाचा मोठा झालेला. त्याचा एक हात भिंतीवर होता. मग त्याला दिसलं, पाण्यात कोण आहे ते. तो हलला नाही. आईला हसताना त्याने किती वर्षांनी पाहिलं होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

नंदाबाईंनी पडल्या पडल्याच मान वळवली.

"सोमा, चपला काढल्या का रे? आसरांची जागा हाय."

त्याने मुकाट्याने चपला काढल्या आणि पायरीवर बसला.

"आई, तुला पोहता येतं?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून. तू पोटात असताना पण आल्ते मी इथं."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर मंग ही जागा आमची राह्यली असती का?"

कौसल्याबाई छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या. नेहमी हुकूम सोडणारा त्यांचा आवाज त्या दिवशी खालचा होता.

"सोमेश्वर, वर तुझी माणसं हायेत, पोती हायेत. जाऊन काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्या पाया पडणार न्हाई. पण ही जागा झाकलीस, तर पूर्णेवरून संगं आणलेली जी मी उरलेय, ती पण झाकशील, हे ध्यानात ठेव."

सोमेश्वर उठून पाण्याच्या कडेला आला. मग त्याने ओंजळभर पाणी घेतलं, डोक्यावर थापलं, केस विस्कटले, सदऱ्याचं एक बटण तोडलं आणि वर गेला.

आम्ही कमानीत जीव मुठीत धरून ऐकत होतो. आधी सोमेश्वरच्या पळण्याचा आवाज आला. मग कडूबानाना, धीर करून कडुलिंबापर्यंत आलेले.

"दिसल्या का रे?"

"दिसल्या."

"साती जणी?"

"मोजायला थांबलो न्हाई, नाना."

"केस?"

"केस बराबर तुम्ही सांगता तसेच." नानांच्या आयुष्याचं त्या क्षणी सोनं झालं असणार. "स्लॅब नको म्हणाल्या. बारा ते दोन इकडं कुणी फिरकायचं न्हाई. बाहेरच्या पोरांना रस्त्यावरूनच परत लावायचं, ते काम तुमच्याकडं दिलंय, नाना. आन् आणलेलं सिमेंट वाया घालवू नका म्हणाल्या. वरच्या पायऱ्या निसटल्यात, त्या नीट करा. बाजूनं लोखंडी कठडा बसवा, पार पाण्यापर्यंत."

वर नानांची काठी दगडावर वाजली.

"कठडा?" नाना म्हणाले. "भुताला कठडा कशाला?"

"वय झालं त्यांचं," सोमेश्वर म्हणाला.

खाली दीपमालाने तोंडात पदर कोंबला. कौसल्याबाई मात्र हसू आवरायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या तोंड वर करून हसल्या, तशाच, पूर्णेकाठच्या पोरीसारख्या, आणि वर रस्त्यावर सगळ्या पुरुषांच्या पळण्याने धूळ उडाली.

कठडा आठवड्याभरात बसला. गवंड्याने फक्त सकाळीच काम केलं आणि निघताना नारळ फोडून गेला. आता नंदाबाई एका हाताने कठडा धरून एकट्याच पायऱ्या उतरतात, काठी वरच ठेवून. मागून कौसल्याबाई ओरडत असतात, "अगं हळू! पाणी कुठं पळून चाललंय का?"

"पाणी न्हाई पळत," नंदाबाई मागे न बघता म्हणतात, "दुपार पळती."