कोरड्या विहिरीतला मासा

दस्तगीरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. मुलांचे ‘हजर’ येत राहिले आणि मी गावाकडच्या, माकणीतल्या आमच्या विहिरीच्या तळाशी जाऊन पोचलो होतो... तिथून आभाळ ताटाएवढं दिसतं.

चाचा विहिरी खोदायचे. मी नववीत असताना आमच्या मळ्यात दगडमाती वर ओढणारी त्यांची यारी उभी राहिली. काळा दगड फुटत होता, पाणी काही लागेना. आबा, म्हणजे माझे वडील, काम थांबवायच्या बेतात होते, तेवढ्यात काळ्या थराखालच्या पांढुरक्या दगडाची एक चीप निघाली. तिच्यावर वीतभर मासा, जाड खवल्यांचा, कुशीवर निजल्यासारखा. चाचा ती उराशी धरूनच वर आले. “आबा, मासा हाय म्हंजी पानी हायच. आजून दोन परस जाऊ द्या.” आबांनी जाऊ दिलं. दोनाचे चार परस झाले, म्हणजे चार पुरुष खोल. खाली पुन्हा काळा दगड आणि धूळ.

आबा त्यांना काही बोलले नाहीत, पण पुढची विहीर दुसऱ्याकडून खोदून घेतली. ते चाचांना फार लागलं. गावानं तर त्यांना ‘मासेवाले’च करून टाकलं. चाचा हसण्यावारी न्यायचे. दगड मात्र त्यांनी घरी रांजणाशेजारी ठेवला आणि रोज सकाळी पाणी भरून झालं की पहिला तांब्या त्याच्यावर ओतायचे. “तहानला असंल,” म्हणायचे. ओले खवले चमकायचे आणि वाटायचं, आता शेपटी हलेल. कितीतरी दुपारी तिथं बसून मी आमच्या तुरीवरून मासे पोहत गेलेले पाहिलेत...

शेवटच्या भेटीत म्हणाले, “गुरुजी, त्या भूगर्भवाल्या सायबाला फोटो धाडला का तुमी? म्या खोटा पडलो का, तेवढं इचारा.” साहेब म्हणजे माझ्या ओळखीचे एक भूगर्भशास्त्रज्ञ; दोन वर्षं मी ‘धाडतो, धाडतो’ म्हणत होतो. आळस, दुसरं काय. त्या दिवशी घरी येऊन धाडला. उत्तर आलं ते चाचांच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी. हा बहुधा लेपिडोटिस, केव्हाच नामशेष झालेला मासा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात तिथं गोड्या पाण्याचं तळं असावं, मग वरून पुन्हा लाव्हा आला, असं लिहिलं होतं. मला माझाच राग आला. अजून येतो.

परवा चाळिसाव्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर चाचींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी रांजणाकडे पाहिलं.

“म्हंजी पानी व्हतं.”

“होतं, चाची. आपण लई उशिरा खोदलं.”

त्या उठल्या, तांब्या भरून माझ्या हातात दिला. रांजणाशेजारी दगड कोरडाठाक होता, वर धुळीचा थर. “म्या हात लावला न्हाय. त्यांचं काम व्हतं ते. आज तुमी घाला.”

मी पाणी ओतलं. धूळ वाहून गेली, एकेक खवला उजळत गेला. मग खाली वाकून, अगदी हळू आवाजात, त्या माशालाच सांगितलं... चाचा, तुम्ही खोटे पडला नव्हता.