आतोबांचा डावा तळहात

आमच्या आतोबांसारखा डावा हात ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीत दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि हे मी नव्हे, ते स्वतःच सांगत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी नोकरीपायी कल्याणला त्यांच्याकडेच राहत असे. बंदराहून ठाण्याला जाणाऱ्या एका लहानशा आगबोटीचं इंजिन त्यांच्या ताब्यात होतं. ते गार ठेवायला खाडीचं पाणी जाळीतून आत घेत. जाळीत गाळ अडकला की पाणी कमी पडे आणि नळ तापे. किती तापला, हे आतोबा डावा तळहात लावून सांगत. मालकाने मुंबईहून उष्णतामापक आणलं, ते त्यांनी खुंटीला टांगून ठेवलं. "काचेला काय कळतंय? तिला कधी ताप आलाय का?"

हा हात ते खोबरेल चोळून फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवत. घरातली साधी कळशी त्याने कधी उचलली नाही. आळीतलं कुणाचं पोर मलूल झालं की आई त्याला घेऊन आमच्याकडे येई. आतोबा पिशवी काढत, कपाळावर हात ठेवत आणि "एक दिवस लंघन" असा निकाल देत. वैद्यबुवा त्यांच्यावर जळत. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजत. आतोबा पाटावर स्वतःचा तळहात ठेवून बसत आणि आत्या हसू दाबत त्यावर हळदकुंकू वाही.

"हसतेस काय? याच्यावरच आपली चूल पेटते."

एका शिमग्यात वाफेचा सांधा सुटला आणि तोच तळहात पोळला. कातडी भरून आली. आतलं काय मेलं, ते आतोबांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, स्वतःलाही नाही.

पावसाळा सरत आला होता, खाडीत गाळच गाळ. डोंबिवलीच्या बाजूला खलाशी ओरडला, "अवो, नल पोलतंय! तुमाला कलत न्हाय का?" आतोबांनी तळहात लावला आणि ते शांतपणे म्हणाले, "गार आहे." थोड्याच वेळात इंजिन अडकलं. उतारू धोतरं खोचून, आतोबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, गुडघाभर चिखलातून काठाला लागले. मालक भला माणूस. तो रागावला नाही. उष्णतामापक खुंटीवरून काढून नळाला बसवलं आणि आतोबांना घरी बसवलं.

त्या वर्षी खंडेनवमीला ते पाटाकडे फिरकलेच नाहीत. आत्याच पाट घेऊन ओसरीवर गेली, तिने त्यांची पिशवी काढून तळहाताला कुंकू लावलं. तिचा चेहरा उतरला होता. आतोबांनी सवयीने तोच हात तिच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ताप नाही," ते म्हणाले.

"नाहीच मुळी. तुमचा हात कधी चुकलाय का?"

कित्येक दिवसांनी आतोबा हसले. मग आत्याने मला प्रसाद दिला, तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागली. ती चांगलीच पोळत होती. मी मागल्या दाराने जाऊन वैद्यबुवांना आणलं, पण उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आत आत्या गेली.

आतोबा शेवटपर्यंत म्हणत, "अरे, तिला ताप नव्हता. मी स्वतः हात लावून पाहिला होता."

मी हो म्हणत असे.