वाकळीचा चौथा कोपरा

अक्का, मी पहिल्यांदा पुण्याला निघाले त्या दिवशी तेरहून एस.टी. सुटताना मी रडायच्या बेतात होते आणि आईनं मला हसवलं. तुला आठवत असेल, तू खिडकीखालीच उभी होतीस. सोसायटीच्या दुधाच्या किटल्या टपावर चढल्या, कंडक्टरनं घंटी मारली, तरी आईचा पत्ता नाही. सकाळपासून ती जुन्या लुगड्यांची माझी वाकळ पुरी करायची म्हणून घरात बसली होती. गाडी हलली आणि मागून आई पळत आली. मला जन्मभर पळण्यावरून शिव्या देणारी आई, पदर खोचून, डोक्यावर वाकळ घेऊन, अनवाणी! ड्रायव्हरला दया आली, त्यानं गाडी थांबवली. तिनं वाकळ खिडकीतून माझ्या अंगावर कोंबली नि धापा टाकत म्हणाली, "तीन कोपरं झाल्यात. चौथ्यात घास घालून तिथं शिवून टाक." मी 'येते' म्हणायच्या आत गाडी पुढं गेली.

आपल्या घरची ही रीत इथं पुण्यात सांगितली की बायका तोंडाला पदर लावून हसतात. वाकळीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. बहात्तरच्या दुष्काळात घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीशिवाय काही नव्हतं, तव्यावर टाकली की मोडणारी ती भाकरी. तरी आईनं त्यातला तुकडा काढून ठेवलाच. "उपाशी वाकळीत निजलं की पाय थाऱ्यावर ऱ्हात न्हाईत," म्हणायची.

माझे पाय तर आधीपासूनच थाऱ्यावर नव्हते. तू आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, मी घमेली उचलायचे. सुट्टी झाली की तुम्ही कंबर धरून घरी यायच्या आणि मी पळत सुटायचे. अंगात ताकद होती म्हणून नव्हे. चालायला लागलं की पोटातली भूक कळायची, पळताना कळायची नाही. आई मागून ओरडायची, "आगं, पायाला भिंगरी बांधलीय का? कोन लागलंय मागं?" कोणी लागलं नव्हतं. अजूनही लागलेलं नाही आणि मी अजूनही पळते.

नर्सिंगचं शिक्षण झालं, दवाखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, दोन खोल्या मिळाल्या. पण पहाटे डोळा उघडला की अंथरुणात पडवत नाही. ड्यूटीआधी कालव्याच्या कडेनं तीन-चार मैल पळून येते. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. सुरुवातीला समोरच्या जोशीकाकू रोज विचारायच्या, "सिस्टर, आज उशीर झाला का हो?" एकदा तर त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन घरात सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. हे म्हणाले, "रोज परत येते की, मग ठीकच म्हणायचं." कालव्यात पाणी काठोकाठ असतं. कुणी भांडत नाही, रांग लावत नाही, ते आपलं वाहत जातं. पहिल्या वर्षी त्याच्या कडेनं पळताना मला नुसता राग यायचा. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

पळून आले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. ह्यांच्या जुन्या पँटी उसवून मी पळायच्या सलवारी शिवल्या. शर्टाच्या बाहीची किल्ली ठेवायची पिशवी केली. कॅनव्हासच्या बुटांना टाचेशी भोक पडलं, तर आतून चिंध्यांच्या तीन घड्या घालून दाभणानं टाके घातले. रविवारी खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटते, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक काठीनं छत ठोकतात. धपाटी केली की तेच लोक वर येतात. स्टोव्हवर भाकरी फुगायला तयार नसते. पण मी थापायचं सोडलं नाही.

एवढं शिवलं, पण तो कोपरा काही शिवला नाही. घास आपल्या चुलीवरचाच हवा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दर सुट्टीत येताना तुझ्या हातची कडक भाकरी त्यासाठी राखून आणायचे. मग एखाद्या सकाळी पळून यायचे, भूक खवळलेली असायची आणि वाकळीचा घास चटणीबरोबर माझ्याच पोटात जायचा. सात वर्षं हेच चाललं. खरं सांगू, अक्का? मला तो शिवायचाच नव्हता. कोपरा उघडा आहे तोवर आपण इथं पाहुण्या, कधीही वाकळ गुंडाळून निघू शकतो, असं वाटायचं. इथं मांडलेला संसार मला माझा वाटतच नव्हता. आईसुद्धा पत्रात तुला 'खोली'च लिहायला लावायची. खोली गळते का, खोलीवर कधी पोचतेस. घर म्हणजे तेर, हे आम्हा दोघींचं न बोलता ठरलेलं होतं.

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदा माझ्याकडं आली. आली तशी तिनं वाकळ झटकली आणि उघडा कोपरा बोटानं धरून माझ्यापुढं केला.

"ह्ये काय गं?"

मी म्हटलं, "त्या दिवशी गाडी सुटली, तुझं राहून गेलं. आपल्या घरचा घास..."

"ऱ्हाऊन कशाला जातंय? भाकरी दुरडीत हुती. चार टाक्याचं काम. म्या मुद्दाम सोडला हुता. ल्येकीच्या वाकळीला तिच्या चुलीचा घास लागतो. 'तिथं शिव' म्हनून वरडले, ऐकलं न्हाईस व्हय?"

"मग सकाळपासून घरात काय करत होतीस?"

आईनं कोपरा हातातून सोडला. "काय न्हाई. बसले हुते. तुला जाताना बघायचंच न्हाई, आसं ठरीवलं हुतं. मग गाडीचा आवाज आला आन् ऱ्हावलं न्हाई."

मी उठून पीठ मळलं. स्टोव्हवरची भाकरी त्या दिवशीही फुगली नाही. आईनं तिला नावं ठेवली आणि कडेचा नखाएवढा तुकडा मोडला. कोपरा मी शिवला. सुई ओवून आईनं दिली.

हे पत्र आईबरोबरच धाडते आहे. ती तुला मोठ्यानं वाचायला लावेल, तर एवढा शेवट मनातच वाच. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे पाय पुन्हा शिवशिवले. वाकळीचं पोट भरलं, माझ्या पायांचं नाही. मी दबकत बूट घातले, कारण आई आता ओरडणार हे ठरलेलं. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. कडी काढली, तेव्हा तशीच म्हणाली, "जा. पर घरी लवकर ये, भाकरी निवंल."

कालव्यापर्यंत गेले, अक्का, आणि त्या दिवशी तिथूनच मागं फिरले. पळतच.